लघवीचे व प्रोस्टेटचे आजार आणि पती-पत्नीचे नाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघवीची तक्रार पुरुषाच्या शरीराची असते. तिचा संसाराशी संबंध कसा येतो?

तक्रार पुरुषाच्या शरीरात असली, तरी ती ज्या गोष्टींना धक्का लावते त्या दोघांच्या असतात: रात्रीची झोप, एकत्र बाहेर जाणे, शरीरसंबंध आणि एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्याची सवय. नवरा रात्री तीन-चार वेळा उठतो तेव्हा शेजारी झोपलेल्या पत्नीचीही झोप मोडते. तो लांबचा प्रवास टाळू लागतो, तेव्हा तिचाही प्रवास बंद होतो. बऱ्याच घरांत याबद्दल एक शब्दही बोलला जात नाही. नवऱ्याला वाटते की हे वयाचे दुखणे आहे आणि ते मुकाट्याने सोसायचे असते. पत्नीला त्याचे बदललेले वागणे तेवढे दिसते, त्यामागचे कारण दिसत नाही. कारण कळले नाही की माणूस आपल्या परीने ते शोधतो, आणि ‘आता मी त्यांना नकोशी झाले आहे’ हा अर्थ सर्वांत आधी मनात येतो. म्हणून खालील सर्व उत्तरांमागे एक आग्रह आहे: आजाराची माहिती आणि उपचाराची निवड या दोन्हींत पत्नीला पहिल्या दिवसापासून सामील करून घ्यावे, कारण उपचाराचे परिणाम दोघांनाही भोगावे लागतात.

प्रोस्टेट वाढली म्हणजे कॅन्सर झाला असे समजावे का?

नाही. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली ग्रंथी आहे. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन सुमारे २० ग्रॅम असते, आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वय वाढते तशी ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत वाढते. पन्नाशीतील सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते आणि ऐंशीच्या पुढे ती बहुतेकांत असते. या साध्या वाढीचे कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. मात्र एकाच ग्रंथीत दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, म्हणून डॉक्टर गुदमार्गातून बोटाने तपासणी करतात आणि गरज वाटल्यास पीएसए ही रक्तचाचणी सांगतात.

ग्रंथी जितकी मोठी तितका त्रास जास्त, असेही नसते. त्रासाचे मोजमाप करण्यासाठी जगभर एक प्रश्नावली वापरली जाते. तिच्यात लक्षणांविषयी सात प्रश्न असतात आणि एकूण गुण ३५ असतात. सातपर्यंत गुण आले तर त्रास सौम्य, ८ ते १९ असल्यास मध्यम आणि २० किंवा त्याहून जास्त असल्यास तीव्र मानतात. त्यानंतरचा आठवा प्रश्न असा असतो की लघवीची ही स्थिती आयुष्यभर अशीच राहणार असेल तर तुम्हाला कसे वाटेल. हा प्रश्न पत्नीलाही विचारला जावा, असे मला फार वाटते. कित्येकदा नवरा ‘चालेल’ म्हणतो आणि पत्नीच्या दृष्टीने ते मुळीच चालण्यासारखे नसते.

रात्री वारंवार उठावे लागते. दोघांचीही झोप होत नाही. काय करावे?

झोपमोडीला क्षुल्लक समजू नये. अपुऱ्या झोपेमुळे चिडचिड होते, दिवसा थकवा येतो आणि जवळीक साधण्याची इच्छाही ओसरते. शिवाय वयस्कर पुरुष अंधारात घाईने उठल्यास पडून हाड मोडण्याचा धोका असतो, त्यामुळे शौचालयापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा.

पहिले काम म्हणजे सलग तीन दिवस नोंद ठेवणे: किती वाजता लघवी झाली, किती झाली (मापाच्या भांड्याने मोजून) आणि दिवसभरात काय व किती प्यायले. या नोंदीवरून डॉक्टरांना दोन वेगळ्या स्थिती ओळखता येतात. काहींच्या मूत्राशयात थोडीच लघवी मावते किंवा ते पूर्ण रिकामे होत नाही, म्हणून ते थोड्या थोड्या लघवीसाठी उठतात. काहींच्या शरीरात रात्रीच जास्त लघवी तयार होते, आणि मग दोष प्रोस्टेटचा नसतो. पायांवरची सूज, हृदयाचे विकार, मधुमेह, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी (‘लघवीची गोळी’) आणि झोपेत श्वास अडखळण्याचा आजार ही त्याची नेहमीची कारणे होत. यांपैकी शेवटच्या आजाराची साक्ष पत्नीच देऊ शकते: नवरा मोठ्याने घोरतो का, मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखा होतो का, हे त्याला स्वतःला माहीत नसते. तिने हे डॉक्टरांना सांगितले तर प्रोस्टेटवरचे निष्फळ उपचार टळू शकतात.

झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत पाणी कमी प्यावे, संध्याकाळनंतर चहा, कॉफी व मद्य टाळावे, पायांवर सूज असल्यास दुपारी थोडा वेळ पाय उंच ठेवून पडावे. लघवीच्या गोळीची वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलावी. दिवसभराचे पाणीच तोडणे चुकीचे आहे. त्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते.

झोपेसाठी वेगळ्या खोलीत झोपलो तर नात्यात अंतर पडेल का?

झोपेची सोय म्हणून, दोघांनी बोलून, काही काळापुरती वेगळी अंथरुणे घातली तर त्यात काहीही वावगे नाही. एके रात्री एकाने उशी उचलून निघून जाणे आणि त्याबद्दल कधीच न बोलणे, यातून मात्र दुरावा वाढतो. झोपायला जाण्याआधीचा थोडा वेळ एकत्र घालवण्याचे ठरवून टाकले, तर व्यवस्था बदलूनही जवळीक टिकते.

हे हल्ली कुठेच यायला तयार नसतात, लगेच चिडतात. याचा लघवीशी संबंध असेल का?

असू शकतो. लघवीची घाई लागणे, ती रोखता न येणे, कपड्यांवर डाग पडण्याची किंवा वास येण्याची भीती यांमुळे माणूस नकळत आपले आयुष्य शौचालयाच्या अंतरावर बेतू लागतो. तो समारंभात दाराजवळ बसतो, नाटक-सिनेमा टाळतो, पाहुण्यांकडे मुक्कामाला जायला नाही म्हणतो. लाजेपोटी तो खरे कारण सांगत नाही, वेगळीच सबब पुढे करतो आणि मग ती सबब खोटी असल्याचे पत्नीला जाणवते. अशा वेळी ‘तुम्हाला माझ्याबरोबर यायचेच नसते’ असे म्हणण्याऐवजी ‘वाटेत थांबण्याची सोय पाहूनच निघू या’ असे म्हटल्यास विषयाला तोंड फुटते. चिडचिडीसोबत उदासी असेल, भूक मंदावली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर नैराश्याचाही विचार करावा आणि त्यावर स्वतंत्र उपचार घ्यावेत.

लघवीच्या त्रासामुळे ताठरता कमी होते का?

दोन्ही तक्रारी बहुधा हातात हात घालून येतात. अमेरिका आणि सहा युरोपीय देशांतील ५० ते ८० वर्षे वयाच्या बारा हजारांहून अधिक पुरुषांची एक मोठी पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. लघवीची लक्षणे जितकी तीव्र, तितक्या ताठरतेच्या व वीर्यस्खलनाच्या तक्रारी जास्त, असे तिच्यात दिसले. आणि वय, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा हिशेब वेगळा केल्यावरही हा संबंध टिकून राहिला. ओटीपोटातील रक्तपुरवठा कमी होणे आणि तेथील स्नायू सैल न होणे ही दोन्ही तक्रारींमागची काही सामाईक कारणे मानली जातात.

याचा पत्नीच्या दृष्टीने अर्थ असा की ताठरता न येणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे, किंवा बाहेर काही चालले असल्याचा पुरावाही नव्हे. आणि नवऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयाच्या आजाराची पूर्वसूचना असते, कारण लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी अरुंद झालेल्या जाणवतात. म्हणून रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू केल्यापासून वीर्य येतच नाही. काही बिघडले आहे का?

बहुतेक वेळा हा गोळीचा परिणाम असतो आणि तो आधी सांगितला गेला नसल्यामुळे घाबरायला होते. डॉक्टरांनी हे चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवे, आणि त्यांनी सांगितले नाही तर रुग्णाने विचारायला हवे.

टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन ही औषधे प्रोस्टेट व मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात, त्यामुळे काही दिवसांतच धार सुधारते. पण याच कारणाने स्खलनाच्या वेळी वीर्य फार कमी येते किंवा मुळीच येत नाही. सिलोडोसिनमध्ये हे सर्वांत जास्त आढळते, टॅम्सुलोसिनमध्येही आढळते, अल्फुझोसिनमध्ये बरेच कमी. यात अपाय काही नाही, सुखाची जाणीव सहसा राहते आणि औषध थांबवल्यावर स्थिती पूर्ववत होते. या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर या गोळ्यांची कल्पना नेत्रतज्ज्ञांना आधीच द्यावी लागते.

फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधे वेगळ्या प्रकारची आहेत. ती ग्रंथी हळूहळू लहान करतात, आणि पूर्ण गुण यायला साधारण सहा महिने लागतात. काही पुरुषांत त्यांनी कामेच्छा आणि ताठरता कमी होते. नवऱ्याला इच्छाच होत नाही, म्हणजे त्याचे मन आपल्यावरून उडाले, असा समज याच काळात होऊ शकतो. म्हणून औषध सुरू झाल्याची तारीख आणि हा बदल दिसू लागल्याची तारीख दोघांनी ताडून पाहावी. या औषधांनी पीएसएचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो, त्यामुळे चाचणीच्या वेळी डॉक्टरांना ते माहीत असणे गरजेचे आहे. पत्नी गरोदर असेल किंवा मूल हवे असेल, तर तिने या गोळ्यांची भुकटी किंवा फुटलेली कॅप्सूल हाताळू नये.

दोन्ही तक्रारी असणाऱ्यांसाठी टाडालाफिलची रोजची ५ मिलिग्रॅमची गोळी हा एक पर्याय आहे. प्रोस्टेटच्या लक्षणांसाठी तिला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. छातीतील दुखण्यासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्यांनी ती कधीही घेऊ नये, कारण रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जातो. दुसऱ्या कोणाची उरलेली गोळी ‘वापरून पाहणे’ म्हणूनच जिवावर बेतू शकते.

कोणतीही गोळी चोरून बंद करू नये. लैंगिक तक्रार मोकळेपणाने सांगितली तर औषध बदलून मिळते. ती न सांगता औषध सोडले तर लघवी अचानक तुंबण्याचा धोका वाढतो.

दुर्बिणीतून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया केल्यावर शरीरसंबंध संपतात का?

संपत नाहीत. ताठरता बहुतेकांत शस्त्रक्रियेपूर्वी होती तशीच राहते. बदलते ते वीर्यस्खलन. ग्रंथीचा अडथळा आणणारा भाग कापून काढताना मूत्राशयाचे तोंड रुंद होते आणि वीर्य बाहेर येण्याऐवजी मागे मूत्राशयात जाते. पुढच्या लघवीबरोबर ते निघून जाते, त्यामुळे ती लघवी गढूळ दिसते. नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे सात पुरुषांत असे होते आणि ते सहसा कायम राहते. लेसरने ग्रंथी काढण्याच्या पद्धतीतही हीच गोष्ट आहे. परमोच्च सुख मिळते, मात्र काहींना ते पूर्वीपेक्षा फिके वाटते. ज्या जोडप्याला अजून मूल हवे आहे, त्यांनी शस्त्रक्रियेआधीच तसे सांगावे आणि वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारावे. ग्रंथी फार मोठी नसेल तर तिला टाके घालून बाजूला ओढणे किंवा वाफेने आकसवणे अशा पद्धती आहेत, ज्यांत स्खलन बहुधा टिकते. पण काही वर्षांनी पुन्हा उपचार करावे लागण्याची शक्यता त्यांत जास्त असते. यातला कोणता सौदा पत्करायचा, हे जोडप्याने मिळून ठरवावे.

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे संबंध टाळण्यास सांगतात. या काळात लघवीत अधूनमधून थोडे रक्त दिसू शकते.

वय पस्तिशीतले आहे. ओटीपोटात आणि वृषणांच्या मागे दुखते, स्खलनानंतर जास्त दुखते. पत्नीला संशय येतो की हा बाहेरून आणलेला रोग आहे.

या प्रश्नाइतके नाते पोखरणारे प्रश्न थोडेच असतील. ५० वर्षांखालील पुरुषांत प्रोस्टेटची दीर्घकाळ चालणारी दुखणी वरचेवर आढळतात, आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत कोणताही जंतू सापडत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडणे, मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता, मानसिक ताण अशी अनेक कारणे त्यामागे असतात. हा आजार संभोगातून पसरत नाही आणि त्यावरून कोणाच्याही वर्तनाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

तरीही संसर्ग आहे की नाही, हे चाचणीने ठरवावे, वादाने नव्हे. लघवीची तपासणी आणि लैंगिक संसर्गाच्या चाचण्या करून घ्याव्यात. संसर्ग निघालाच तर दोघांनी एकाच वेळी पूर्ण उपचार घ्यावेत आणि तो संपेपर्यंत संबंध टाळावेत किंवा निरोध वापरावा. संसर्ग निघाला नाही, तर तो अहवाल पत्नीने स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकावा. जंतू नसताना प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स घेत राहण्यात अर्थ नाही. ओटीपोटाच्या स्नायूंना सैल करण्याची फिजिओथेरपी, गरम पाण्याचा शेक आणि ताणावरील उपचार यांचा उपयोग अधिक होतो. दुखण्याच्या भीतीने नवरा जवळ येणे टाळत असेल, तर ती भीती दुखण्याची आहे हे त्याने पत्नीला सांगायला हवे.

प्रोस्टेट कॅन्सर संबंधातून पत्नीला होतो का?

होत नाही. मिठी, चुंबन, संभोग यांपैकी कशानेही तो पसरत नाही.

प्रोस्टेट कॅन्सरवरील उपचारांनंतर वैवाहिक आयुष्य कसे असते?

उपचार कोणता, यावर ते अवलंबून आहे. सावकाश वाढणाऱ्या, कमी धोक्याच्या कॅन्सरमध्ये लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांनी लक्ष ठेवण्याचा पर्याय असतो, आणि त्यात लैंगिक कार्य अबाधित राहते. ‘काहीतरी करून टाका’ असा घरच्यांचा आग्रह समजण्यासारखा असतो, पण या पर्यायाचा शांतपणे विचार व्हावा.

संपूर्ण ग्रंथी काढल्यावर वीर्य तयार होत नाही, त्यामुळे स्खलन कोरडे असते. ताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये या नसा वाचवून शस्त्रक्रिया केली. त्याआधी या शस्त्रक्रियेनंतर ताठरता जाणे जवळजवळ ठरलेले असे. नसा वाचवल्या तरी त्या सावरायला दीड ते दोन वर्षे लागू शकतात. या काळात गोळ्या, निर्वात पंप, लिंगात घ्यायचे इंजेक्शन आणि शेवटी कृत्रिम रोपण असे उपाय आहेत. रेडिएशननंतर उलटा क्रम दिसतो: सुरुवातीला सगळे ठीक असते आणि ताठरता पुढील काही वर्षांत हळूहळू कमी होते. जोडप्याला याची आगाऊ कल्पना नसेल, तर तेव्हा कोणीच त्याचा उपचारांशी संबंध जोडत नाही.

हार्मोन रोखण्याचे उपचार नात्यासाठी सर्वांत कठीण, असे माझे मत आहे. त्यात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जवळजवळ नाहीसे केले जाते. कामेच्छा मुळातून जाते, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, वजन वाढते, डोळ्यांत सहज पाणी येते. इच्छा नसल्यामुळे पुरुषाला तिची उणीवही भासत नाही, आणि तो साधा स्पर्शही थांबवतो. पत्नीची स्पर्शाची गरज मात्र संपलेली नसते. हात धरणे, जवळ बसणे, पाठीवर हात फिरवणे या गोष्टी तेव्हा आठवणीने, ठरवून कराव्या लागतात.

संबंधाच्या वेळी लघवी गळते. लाज वाटते.

ग्रंथी काढल्यानंतर काही पुरुषांत परमोच्च क्षणी थोडी लघवी येते. ती अपायकारक नसते. आधी मूत्राशय रिकामे करावे, अंथरुणावर जाड टॉवेल घालावा, निरोध वापरावा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम रोज केल्याने अनेकांना काही महिन्यांत फरक पडतो. वारा रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळून काही सेकंद धरायचे आणि सोडायचे असतात. हे सांगताना पुरुषाला जितकी लाज वाटते, तितकी घृणा पत्नीला सहसा वाटत नाही. ते तिच्याकडूनच ऐकण्याची त्याला गरज असते.

लघवीची नळी घातलेली असताना जवळ येता येते का?

दीर्घकाळ नळी लागणाऱ्यांना येते. नळी लिंगाच्या बाजूने वळवून त्यावर निरोध चढवण्याची पद्धत परिचारिका समजावून सांगतात. पोटावरून घातलेली नळी यासाठी अधिक सोयीची ठरते. शस्त्रक्रियेनंतरच्या थोड्या दिवसांच्या नळीच्या वेळी मात्र थांबावे.

कोणत्या वेळी अजिबात वाट पाहू नये?

लघवी पूर्ण तुंबून पोट दुखू लागले, किंवा लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. लघवीतून रक्त दिसले तर दुखत नसले तरी तपासणी करून घ्यावी. न दुखता येणारे रक्त मूत्राशयाच्या कॅन्सरचेही लक्षण असू शकते. प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णाला नव्याने तीव्र पाठदुखी आणि पायांत अशक्तपणा जाणवला, तर मणक्यावर दाब आल्याची शंका घेऊन तातडीने जावे. सर्दीच्या काही औषधांनीही प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अचानक तुंबते, म्हणून अशी औषधे विचारून घ्यावीत.

डॉक्टरांकडे दोघांनी जावे का? तेथे काय विचारावे?

नवऱ्याची हरकत नसेल तर दोघांनी जावे; काही बोलणे त्याला एकट्याने करायचे असेल तर त्यासाठी पहिली काही मिनिटे त्याला द्यावीत. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, कारण समोर बसल्यावर लैंगिक प्रश्नच आधी विसरले जातात. या उपचाराने ताठरता, इच्छा आणि स्खलन यांवर वेगवेगळा काय परिणाम होईल? तो कायमचा की तात्पुरता? उपचार सहा महिने लांबवला तर काय बिघडेल? लैंगिक कार्य टिकवणारा दुसरा पर्याय आहे का आणि तो आम्हाला का सुचवला नाही? मूत्रविकारतज्ज्ञ यांची उत्तरे रोज देत असतात. डॉक्टर ‘या वयात हे कशाला हवे’ असे म्हणून विषय टाळत असतील, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.